रेघेखालची जागा

"मॅडम, इथं भोक हाय," समृद्धी म्हणाली.

सुनंदाबाईंनी मान वरही न करता सांगितलं, "असणारच. पावणेतीनशे वर्षांचं बाड आहे. इतकी वर्षं कसर काय उपास करून बसली असेल?" टेबलाभोवतीची बाकीची पोरं हसली. ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या गारठलेल्या खोलीत हसायचीसुद्धा चोरी, म्हणून तोंडातल्या तोंडात हसली, आणि सुनंदाबाई पुन्हा हजेरीच्या कागदाकडे वळल्या. समृद्धी मात्र हसली नव्हती. दोन्ही हात पाठीमागे धरून, शिकवलं होतं अगदी तसं, ती बाडावर ओणवी झाली होती आणि डोळे बारीक करून पाहत होती. "तसं नाय, मॅडम. भोकं तर सगळीकडंच हायत. पण ही बाईंची ओळ हाय ना, समासातली, तिच्यात जिथं जिथं अक्षर थांबलंय, तिथं तिथं भोक हाय. वरची रेघ पण तिथंच तुटली हाय. म्हंजे भोक आधीचं. लिवणाऱ्यानं ते चुकवून लिवलंय." मग एकदम भान आल्यासारखी ती सरळ उभी राहिली आणि शुद्ध भाषेत म्हणाली, "असं मला वाटतं."

कुणीतरी विचारलं, तुला गं कसं कळलं? तर म्हणे, उरणजवळ करंजाला तिच्या बाबांची होडी आहे, मासळीचे प्लास्टिकचे क्रेट असतात, त्यांना पाणी जायला सगळीकडं फटी. त्या क्रेटवर होडीचं नाव रंगानं घालायचं काम लहानपणापासून तिचं. "ब्रश फटीपाशी आला की आमी उचलतो आणि पलीकडं टेकवतो. अक्षर असंच होतं मग, लांब लांब." पोरं आता मोकळेपणानं हसली. सुनंदाबाईंना चष्मा जड लागायला लागला. नाकावर दोन बोटं दाबून धरल्यासारखा. त्या उठून टेबलापर्यंत गेल्या नाहीत. घड्याळात बाराला दहा कमी होते, तास साडेबाराला संपायचा होता, आणि त्यांनी आपल्याच आवाजात ऐकलं, "आज इथंच थांबू. बाड बांधून ठेवा." एवढ्या वर्षांत त्यांनी तास कधी आधी सोडला नव्हता. पोरांनी एकमेकांकडे बघितलं, लाल रुमालात बाड गुंडाळलं, आणि सगळ्यात शेवटी समृद्धी गेली. जाताना काहीतरी सांडून ठेवल्यासारखा चेहरा होता तिचा.

आता या बाडाचं असं आहे. चौलच्या एका वैद्य घराण्याचं हे औषधांचं पुस्तक, हातानं लिहिलेलं, पाठीशी शिवलेलं. काढे, मात्रा, गुट्या, हे कशात उगाळायचं आणि ते कशात खलायचं. त्यातलं एक अक्षर आज कुणाच्या उपयोगाचं नाही. पण एकोणचाळिसाव्या पानावर, पोरांच्या तापावरच्या मात्रेशेजारी, समासात, दुसऱ्याच कुणाच्या हातची मोडीतली चार इवलीशी वाक्यं आहेत. ही मात्रा तीन दिवस दिल्ही. गुण नाही. चौथे दिवशी पोर गेले. मी पाहत राहिले. राहिले म्हणते, म्हणजे बाई. नाव नाही, गाव नाही, साल नाही. आणि मोडीची रीत अशी की आधी डावीकडून उजवीकडे आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची, बोरू फारसा न उचलता, शब्दाला शब्द चिकटवून. या बाईच्या ओळीत मात्र सात जागी रेघ पुढे गेली आहे आणि खाली अक्षरच नाही. रिकामं. सुनंदाबाईंनी वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्या सात रिकाम्या जागांवर लेख लिहिला. रेघ पुढे जाते, हात मागे राहतो. हे त्यातलं वाक्य. लिहिता लिहिता त्या बाईचा हात सात वेळा थांबला, आणि आपल्या भाषेतलं सर्वांत जुनं रडणं आपल्याला अक्षरांत नव्हे तर अक्षरांच्या अभावात सापडतं, वगैरे. लेख गाजला. कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत एम.ए.च्या पोरांनी तो पाठ केला. परिषदांमध्ये लोक चहाचा कप सावरत येऊन म्हणायचे, तुम्हीच ना त्या थांब्यांच्या कारखानीस बाई? आणि पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार, म्हणून विभागप्रमुख निनाद, जो त्यांचाच विद्यार्थी, गौरवग्रंथ काढत होता. पहिला लेख हाच. ते वाक्य मुखपृष्ठावर. शुक्रवारी छापायला जायचं होतं. आणि शुक्रवारीच समृद्धीचा प्रकल्प जमा व्हायचा होता, पान एकोणचाळीस याच विषयावर, मार्गदर्शक डॉ. सुनंदा कारखानीस.

आणि गंमत अशी की हे बाड पोरांच्या समोर यावं म्हणून भांडलं कोण? तर याच. बारा वर्षं अर्ज केले. ग्रंथालयाचा नियम असा की जुनी पुस्तकं रुमालात, रुमाल कपाटात, कपाटाची किल्ली वरच्या साहेबांकडे, आणि पोरांना झेरॉक्स. सुनंदाबाई प्रत्येक बैठकीत म्हणायच्या, फोटोवरून पुस्तक शिकवणं म्हणजे कॅलेंडर दाखवून देवदर्शन घडवणं. कागद बघायला हवा, शिवण बघायला हवी, शाई कुठं फुटली ते बघायला हवं. यंदा तपासणी समिती यायची होती, तेव्हा कुठं आठ दिवसांत परवानगी मिळाली. आज पहिलाच तास होता. आणि त्यांनी स्वतः? पान त्यांनीच उघडलं, पण बघितलं नाही. बघायचं काय, तोंडपाठ होतं. चष्म्याच्या वरून पोरांकडे बघत त्या चार वाक्यं म्हणून गेल्या, सवाष्णीनं आरती म्हणावी तशी.

विद्यापीठाची बस नेऱ्याच्या रस्त्यावरून पनवेलकडे निघाली तेव्हा उन्हानं डोंगर पुसून टाकले होते. मार्चमध्येच ही तऱ्हा. सुनंदाबाई खिडकीशी बसून होत्या आणि पदरानं मान पुसत होत्या. डोक्यावरून विमान गेलं, नव्या विमानतळावर उतरणारं, पोट दिसण्याइतकं जवळ. पुढच्या बाकावरच्या पोरी अजून हौसेनं वाकून बघतात, त्यांनाही सवय व्हायची आहे. सुनंदाबाईंच्या मनात एकच हिशेब सुरू होता, तोही धड जमत नव्हता. भोक आधी की अक्षर आधी. अक्षर आधी असेल तर कसर अक्षर खाते, रेघ खाते, वाटेल तिथं खाते, तिला काय वाचता येतं? काही अक्षरं अर्धी खाल्लेली दिसायला हवीत. भोक आधी असेल तर सगळी अक्षरं शाबूत आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना सावधपणे उभी. डबक्याच्या दोन काठांवर माणसं उभी राहतात तशी. पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल असलं हे. त्या स्वतःच शिकवायच्या की. शाई भोकात उतरली आहे का बघा, काठ बघा, घाई करू नका. पण मग फोटो? फोटोत भोक नव्हतं. फोटोत तर रेघ अखंड होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता, लेखात होता, खाली ग्रंथालयाच्या दारात समितीसाठी चार फुटी करून लावला होता. त्यात भोक नव्हतं. मग समृद्धीला काय दिसलं? पोरगी खोटं बोलणारी नव्हे. बसमध्ये त्यांना एकदा वाटलं की समृद्धीनं चुकीचं पान उघडलं असेल. हे वाटलं आणि पाठोपाठ लाजही वाटली, कारण पान त्यांनीच उघडलं होतं.

कळंबोलीला त्या उतरल्या. लोखंडबाजारातून सळयांचे ट्रेलर बाहेर पडत होते, आणि त्यांच्या धक्क्यानं रस्त्याकडेच्या टपरीतल्या काचेच्या बरण्या एकमेकींना लागून वाजत होत्या. सदतीस वर्षांपूर्वी सिडकोचं घर लागलं तेव्हा सगळे म्हणाले, अगो, तिथं कोण राहणार, ट्रकवाले? राहिल्या. आता घर हादरलं नाही तर झोप लागत नाही. दार कृष्णकांतांनी उघडलं. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा त्यांच्याकडे असे, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. "लवकर? काय म्हणते आमची चौलकरीण?" ते म्हणाले. समासातल्या त्या बाईला ते चौलकरीण म्हणत. कधी 'माझी सवत' म्हणत, म्हणजे नात्याचं उलटंपालटं करून, तुझ्यापेक्षा मीच तिचं जास्त करतो, तिच्यासाठी तुला डबा भरून देतो असं. एरवी सुनंदाबाई हसायच्या. आज त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हरेश आठवतो का तुम्हाला? वडाळे तळ्यापाशी स्टुडिओ होता बघा."

"न आठवायला काय झालं? आपल्या लग्नाचे फोटो त्याचेच. माझे देवीचे व्रण त्यानं सगळे गुल केले. आई फोटो बघून म्हणाली, हा कोण मुलगा सुनंदाशेजारी?" कृष्णकांत हसत हसत आत गेले, आधण ठेवायला. सुनंदाबाईंनी समोर भिंतीवर बघितलं. फोटो तिथंच होता, नेहमीच्या जागी, थोडा डावीकडे कललेला. फेटा बांधलेला गुळगुळीत गालांचा एक तरुण. या माणसाबरोबर त्या कधी राहिल्या नव्हत्या. ज्याच्याबरोबर राहिल्या त्याच्या गालावर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर खड्डे होते, आणि तापात असताना त्या खड्ड्यांत घाम साचायचा तो त्यांनी किती वेळा टिपला होता.  अरे देवा, त्या पुटपुटल्या.

फेब्रुवारीतली दुपार होती, शहाण्णव साल. एस.टी.नं दोघं चौलला गेले होते, त्या आणि हरेश, त्याच्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी. वैद्यांच्या घरच्या म्हाताऱ्या काकूंनी दोन तासांची मुभा दिली होती, ओटीवर, उजेडात. सुनंदाबाईंना जेमतेम तीन आठवडे झाले होते दवाखान्यातून येऊन. मुलगी होती. तीन दिवस काचेच्या पेटीत होती, आणि चौथ्या दिवशी नर्सनं येऊन पेटीचा दिवा बंद केला, दिवसाढवळ्या, खोलीतून निघताना आपण बंद करतो तसा. सासूबाईंनी झबली-टोपडी कुठं नेली कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं नाही, आणि कुणी विषय काढला नाही. कॉलेजात आजारपण म्हणून रजा लागली. तेव्हा असंच होतं, असल्या गोष्टी बोलून दाखवायची रीत नव्हती. आणि त्या ओटीवर, औषधांच्या चाळीस पानांनी डोकं जड झालेलं असताना, अंगावरचा पाझर ब्लाउजला लागू नये म्हणून आत रुमालाची घडी घालून बसलेल्या असताना, त्यांनी वाचलं, चौथे दिवशी पोर गेले. भोकं होती का? होती. सगळ्या पानाला होती, चाळणीसारखी. बघितली का? दिसली असतील. त्या वेळी त्यांना दिसत काय होतं, आणि त्या बघत काय होत्या! हरेशला एवढंच म्हणाल्या, "हे पान नीट घे हं."

त्यानं नीटच घेतलं. आठवड्यानं प्रिंट आणून दिल्या त्या पिवळ्या पाकिटातून, आणि दुकानदारानं साडी पसरावी तशा टेबलावर पसरल्या. "साफ करून दिलंय, मॅडम. निगेटिव्हवर पेन्सिलनं भोकं बुजवली सगळी. रेघ तुटली होती ती ब्रशनं जोडून टाकली. आता कसं, नवं कोरं!" त्याची काय चूक? त्याच्या धंद्यात डाग ठेवणं ही चूक. नवरीच्या तोंडावरची पुटकुळी, नवऱ्याचे व्रण, म्हाताऱ्यांच्या गळ्याच्या वळ्या, सगळं तो मोफत काढून द्यायचा. पनवेलात त्याचं नावच त्यासाठी होतं. आणि त्या काय म्हणाल्या? हे इतकी वर्षं कुठं पडून होतं कोण जाणे, पण आता शब्दनशब्द आठवलं. "छान झालंय," असं म्हणाल्या. ऐकलं होतं त्यांनी. नीट ऐकलं होतं. तो गेला, मग प्रिंट हातात धरली, आणि त्या गुळगुळीत पानावर त्यांना दिसलं की रेघ पुढे गेली आहे आणि खाली कुणी नाही. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा त्या रडल्या. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. अशा रडण्यानंतर कोण उठून म्हणेल की हरेश, ती भोकं परत कर? त्यांनी लेख लिहायला घेतला. पुढं बाड ग्रंथालयात आलं, रुमालात गेलं, कपाटात गेलं. बारा वर्षं त्या पोरांसाठी भांडत होत्या, पण स्वतः मागून घेऊन ते पान उघडायला कुणाची हरकत होती? मार्गदर्शकाला नियम नव्हता. एकदाही उघडलं नाही. दमलेल्या माणसाला कारण लागत नाही, नुसतं दमलेलं असणं पुरतं, असं त्यांना वाटलं. मग लगेच वाटलं, हेही आपण छान वाक्य केलं.

चहा गार झाला. संध्याकाळी निनादचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होतीच, सात पोरांत एक तरी असतंच तसं. "मॅडम, तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. एखादं भोक असलं काय आणि नसलं काय, तुमचं इंटरप्रिटेशन त्याच्या पलीकडचं आहे. आणि आता, खरं सांगू, कव्हर फायनल झालंय. समिती सोमवारी. त्या मुलीला म्हणावं दुसरं पान घे, मार्कांचं मी बघतो. हुशार आहे, तिला कळेल." सुनंदाबाई म्हणाल्या, "बघते." एवढंच. निनाद वाईट मुलगा नव्हता. बी.ए.ला असताना हाच लेख वाचून तो मराठीकडे आला होता, बँकेची परीक्षा सोडून. तेही एक ओझंच की. फोन ठेवला तर मोबाइलवर समृद्धीचा निरोप. मॅडम, मी ते लिहीत नाही. घरी बोलले, बाबा म्हणाले ज्या बाईंनी शिकवलं त्यांच्याच विरोधात कशाला. दुसरं पान घेते. सॉरी. सुनंदाबाईंनी तो दोनदा वाचला. सुटलो. सुटलोच की. कुणी काही करायची गरजच उरली नव्हती, सगळ्यांनी आपापसात मिटवलं होतं. त्यांनी 'ठीक आहे' असं टाइप केलं आणि पाठवून दिलं. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, म्हणजे पोरगी फोन हातात धरून बसली होती, उत्तराची वाट बघत. त्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्या उठून गॅलरीत गेल्या, तर खाली ट्रेलर लागलेला आणि ड्रायव्हर टायरांवर बादलीनं पाणी मारत होता. त्या ते बघत राहिल्या. पाण्याची वाफ होत होती.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी सकाळी खुर्चीवर चढून त्यांनी लग्नाचा फोटो काढला. कृष्णकांत पेपर वाचत होते. "पडशील गं. आज काय दिवाळी आहे का?" काचेवरची धूळ पुसता पुसता त्यांनी विचारलं, "हा इतकी वर्षं का लावलाय आपण?"

"तुझ्या आईला आवडला होता म्हणून. मला तर तो माणूस ओळखूसुद्धा येत नाही."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"तू रोज बघतेस त्याच्याकडे, म्हटलं तुला तोच बरा वाटत असेल." ते थट्टेतच म्हणाले, पण पेपर खाली घेतला नाही. सुनंदाबाई फोटो हातात धरून उभ्याच राहिल्या. मग तो भिंतीला टेकून खाली ठेवला, तोंड आत करून, आणि जाऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर असलं काही करायचं म्हणजे दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. "डबा भरता का?" त्या म्हणाल्या, "मी लवकर निघते." बसस्टॉपवरून त्यांनी समृद्धीला फोन लावला. "दहा वाजता ग्रंथालयात ये. हो, आजच. पेन्सिल आण. आणि हे बघ, हात धुऊन, कोरडे करून."

समृद्धी आली ती घाबरलेलीच. उरणहून दोन गाड्या बदलून आली होती, ओढणीला घाम. "मॅडम, मी खरंच दुसरं पान घेते," तिनं दारातच सुरू केलं. "बाबा पण म्हणाले—" सुनंदाबाई म्हणाल्या, "बाबांना माझा नमस्कार सांग आणि इकडे बस." त्यांनी रुमाल सोडला. पान एकोणचाळीस उघडलं, आणि या वेळी चष्मा पुसून, कपाळ जवळजवळ टेबलाला टेकेल इतकं वाकून बघितलं. मोठी माणसं लहान मुलाला निजलेलं बघतात तेव्हा इतकी वाकतात. तीस वर्षांनी त्या बघत होत्या. तपकिरी शाई, मधेच फुटलेली. हात काही सुंदर नव्हता बाईचा, फोटोत वाटला होता त्यापेक्षा बराच ओबडधोबड, सरावाचा नसलेला. सुनंदाबाईंनी काळ्या कागदाची पट्टी हळूच पानाखाली सरकवली आणि भोकं एकदम काळी होऊन वर आली. "मोज," त्या म्हणाल्या. "मी सांगत नाही. तू मोज आणि लिही."

"पहिली जागा, 'मात्रा'च्या पुढं. भोक. रेघ तुटलेली." पेन्सिल खरखरत होती. "दुसरी. भोक. रेघ तुटलेली. काठावर शाई नाय उतरलेली, म्हणजे, नाही उतरलेली." "'नाय' चालेल गं," सुनंदाबाई म्हणाल्या. पोरगी पहिल्यांदा हसली. तिसरी, चौथी. प्रत्येक जागेला त्यांना आपल्या लेखातलं एकेक वाक्य ऐकू यायचं आणि विझायचं. दुखत होतं, खोटं कशाला बोला. पण त्याबरोबर, दिवसभर घातलेला घट्ट जोडा काढल्यावर पाय जसा हळूहळू पसरतो, तसंही काहीतरी होत होतं. मधेच त्या म्हणाल्या, "थांब. हे सगळ्यात वर लिही. शहाण्णव सालचा फोटो छायाचित्रकारानं दुरुस्त केलेला होता. भोकं बुजवली होती, रेघ जोडली होती. आणि हे त्यानं लेखिकेला तेव्हाच सांगितलं होतं."

समृद्धीची पेन्सिल थांबली. "मॅडम, तुमाला माहीत होतं?"

"हो."

"असं लिहू? लेखिकेला माहीत होतं, असं?"

"असंच लिही. खाली माझी सही घे." मग त्यांनी तिथूनच निनादला फोन लावला, आणि गौरवग्रंथातून आपला लेख काढायला सांगितला, किंवा ठेवायचाच तर पाठोपाठ समृद्धीचा छापायला. निनाद पलीकडून बराच वेळ बोलत होता, कव्हर, समिती, मॅडम तुम्ही दमला आहात. "दमले आहेच रे," त्या म्हणाल्या, "पण ते वाक्य तेवढं कव्हरवरून काढ." आणि ठेवून दिला. 

"पाचवी, भोक. सहावी, भोक, मोठं हाय हे, दोन भोकं एकत्र झालीत." समृद्धी वाकली, आणि मग आणखी वाकली. पट्टी तिनं स्वतः थोडी डावीकडे सरकवली, थोडी उजवीकडे. पान उलटून मागून बघितलं, पुन्हा सुलटं केलं. खोलीत एसीची घरघर तेवढी. "मॅडम," ती अगदी हळू म्हणाली, "सातवीला भोक नाय."

सुनंदाबाईंनी बघितलं. पोर आणि गेले यांच्यामध्ये कागद सबंध होता. रेघ होती, न तुटलेली, बाईच्या हातची, हरेशनं जोडलेली नव्हे. खाली अक्षर नव्हतं.  सगळी वाक्यं, सगळीच्या सगळी, एकदम दाराशी येऊन उभी राहिली. रेघ पुढे जाते. समृद्धीचे डोळे भरून आले होते. "म्हंजे इथं ती खरंच थांबली, मॅडम. इथं तरी तुमचं बरोबर हाय. हे लिवू ना मी?"

"नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "लिही, सातव्या जागी भोक नाही. रेघ अखंड आहे. खाली तांदळाच्या दाण्याएवढी जागा रिकामी आहे."

समृद्धीनं लिहिलं. "आणि कारण?"

"कारण माहीत," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ गप्प राहिल्या की समृद्धीनं वहीतून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, "नाही."